टेरिफाइडचं वाक्य

औशाच्या एका शाळेत शिवप्रसाद सर इंग्रजी शिकवायचे. मूळचे किल्लारीचे. भूकंप झाला तेव्हा दहा वर्षांचे होते. आईबाप घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडले गेले, हा पोरगा अंगणात झोपला होता म्हणून वाचला. पुढं मामानं वाढवलं. सर त्यावर कधी चकार शब्द काढत नसत, म्हणून लोकांना वाटे, गडी सावरला. लोकांचं काय, दुसऱ्याचं दुःख लवकर मिटलेलंच त्यांना बरं वाटतं.

सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. त्या दिवशी सर भीतीचे शब्द शिकवत होते.

"कुत्रं मागं लागलं, तर अफ्रेड. टेरिफाइड म्हंजे पाचावर धारण बसलेला, त्याला कशाचंच भान ऱ्हात न्हाई. उगं पाल बघून टेरिफाइड म्हणायचं न्हाई. जपून वापरायचा शब्द हाय."

तेवढ्यात जमीन हलली. क्षणभरच. खिडक्यांची तावदानं वाजली आणि थांबली. मुलं एकमेकांकडे बघेपर्यंत सर जिना उतरून मैदानाच्या मधोमध पोचले होते. भानावर येऊन मागं पाहिलं, तर एकही मूल नाही. ती सगळी वर बाकांवरच बसून होती. काय करायचं ते सर येऊन सांगतील, म्हणून वाट बघत होती.

कुणाला काही झालं नाही. मुख्याध्यापकांनी पाठीवर हात ठेवून "चालायचंच" म्हटलं, ते तर फारच लागलं. लेकरांना टाकून पळालो, आता कोणत्या तोंडानं वर्गात उभं राहायचं? सरांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी गेले मात्र. धडा अर्धवट राहिला होता. सवयीनं बोलून गेले, "टेरिफाइड वापरून वाक्य सांगा," आणि जीभ चावली.

शिवानी उभी राहिली. सरळ मनाची पोर. तिनं इंग्रजीत वाक्य सांगितलं: काल आमचे सर टेरिफाइड होते.

शेजारणीनं तिची बाही ओढली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिचे डोळे भरले.

"रडू नकू. बरोबर हाय वाक्य," सर म्हणाले आणि ते फळ्यावर लिहिलं. मग मुलांकडं वळले. "आता नीट ऐका. परत हाललं तर माझी वाट बघत बसू नका. मी सांगंन म्हणून थांबू नका. उठायचं आन एकमेकाला धरून खाली जायचं."

"आन तुमी, सर?" शिवानीनं विचारलं.

"मी तवर भाईर गेलेला असंन, बाई."