बरं वाटण्याचा दिवस

आमच्या गावात कपडे शिवणारी एकच बाई. सगळे तिला टाकेवाली म्हणतात. तिचं मशीन दाराशेजारच्या खिडकीखाली आहे आणि दिवसभर त्याची खडखड चालू असते. खडखड थांबली की गल्लीला कळतं, बाई घरी नाही. वर्षातून एक महिना ती अशी थांबतेच. रानात अळंबी उगवायच्या आधीचा महिना. त्या महिन्यात टाकेवाली डोक्यावर पत्र्याचा एक उथळ डबा घेऊन गावोगाव फिरते.

डब्यात माती असते आणि मातीत कापडाच्या अळंब्या रोवलेल्या असतात. तिनंच शिवलेल्या. काही खायच्या, काही विषाच्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचे देठ सारखे, टोपीखाली सारख्याच बारीक चुण्या. ती समोरच्या बाईला म्हणते, "काढ बघू एक, रानात काढतेस तशी." बाई देठाला चिमटा लावते, अळंबी टचकन हातात येते. देठात टिचबटण बसवलेलं असतं, बरोबर मातीच्या वर बोटभर. बाई म्हणते, "चांगली आहे की." मग टाकेवाली तिला खालची माती उकरायला लावते. मातीतून कापडाची एक वाटी निघते, अंड्याचं अर्धं कवच असावं तशी.

"ही वाटी दिसली की ती अळंबी विषाची. आणि ही दिसत नाही कधी, कारण ती आपण मातीतच ठेवून येतो."

बाजारात तिची चेष्टा कमी होत नाही.

"काय गं टाकेवाले, अळंबीला अस्तर लावलंस का?"

"लावलंय. तुझ्या पोटाला लावायला मात्र कापड उरलं नाही."

लोक हसतात. हसून झालं की निम्मे निघून जातात. उरलेले अळंबी काढून बघतात, वाटी बघतात, मान हलवतात, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "पण आक्का तर कापूनच आणते ना?"

मग टाकेवाली वाटी पुन्हा मातीत पुरते आणि डबा डोक्यावर घेते.

आक्का म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. रानातलं तिच्याएवढं कुणालाच कळत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. कुठल्या उतारावर किती दिवसांनी अळंबी वर येईल ते ती घरी बसून सांगायची, आणि तशी ती यायची. तिच्यामागून वीस-पंचवीस बाया रानात जायच्या. तिच्या घराण्याची शिस्त कडक होती. अळंबी उपटायची नाही. देठ मातीच्या वर बोटभर सोडून वाकड्या पात्याच्या चाकूनं कापायचा, मग कापल्या जागी पाचोळा सारायचा. मूळ राहिलं तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा येईल. मातीला जखम करू नये, असं तिची आजी सांगायची. मुळासकट उपटणाऱ्या बाईला आक्का आपल्या मागे येऊ द्यायची नाही.

शिस्त चांगलीच होती. फक्त विषारी अळंबीची एकमेव खूण त्या बोटभर देठाखाली असते, आणि ती खूण घराण्यातल्या एकाही बाईनं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली नव्हती. वास, रंग, टोपीची सालं, यांवर त्यांचं भागत आलं होतं. बहुतेक वर्षं भागतंही.

सहा वर्षांपूर्वी भागलं नाही.

टाकेवालीचा नवरा पाथरवट. आडदांड, गडगडाटी हसणारा माणूस. आक्कानं भावासाठी निवडून टोपली पाठवली होती. टाकेवालीनं त्याच दिवशी दाढ काढून घेतली होती, ती नुसतं दूध प्यायली. "तुझा वाटा वाया कशाला घालवायचा?" म्हणून तोही त्यानंच खाल्ला. उजाडायच्या सुमाराला पोट धरून बसला. उलट्या, जुलाब, पाय वळलेले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाटेवर उठून बसला. चहा मागितला. शेजारच्या पेशंटची नक्कल करून दाखवली. म्हणाला, "चल घरी. इथे पडून रोज बुडतो, आणि तुला निजायला जमीन."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अजून तीन दिवस ठेवा, हे बरं वाटणं खरं नसतं. पण जवळचे पैसे संपले होते, आणि समोर नवरा हसत होता. आपल्या जबाबदारीवर नेत आहोत, अशा कागदावर टाकेवालीनं सही केली. घरी आल्यावर तो एक दिवस दारात ऊन खात बसला. त्याच्या पुढच्या दिवशी डोळे पिवळे झाले. अळंबीचं विष त्या शांत दिवसांतच लिव्हर पोखरत असतं, हे तिला नंतर कळलं. परत नेईपर्यंत तो माणसं ओळखेनासा झाला होता.

आक्कानं सगळ्यांना सांगितलं, भाऊ दगडाच्या धुळीनं गेला. फुफ्फुसं आधीच गेली होती त्याची. गावानं मान डोलावली. आक्काची टोपली खोटी मानायची तर स्वतःच्या चुलीवरचं भांडंही उतरवून ठेवावं लागलं असतं. टाकेवालीनं अळंबी म्हटलं, पण कुणाची ते म्हटलं नाही. टोपली नणंदेची होती, पण सही तिची स्वतःची होती. कुठल्या तोंडानं बोलणार?

त्याच वर्षी तिनं दोन कामं सुरू केली. एक तो मातीचा डबा. दुसरं, पाच दिवसांचे पैसे. प्रत्येक शिलाईमागे ती गिऱ्हाइकाकडून एका बटणाची किंमत जास्त मागायची. का ते सांगायची. बाजारात उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या विकायची. शाळेतल्या मास्तरांनी दरसाल काही द्यायचं ठरवलं, औषधाच्या दुकानदारानं एकदा बरेच दिले. या पैशांतून अळंबीनं आजारी पडलेल्याला गाडी, दवाखान्यात पाच दिवसांचा मुक्काम, आणि सोबतच्या माणसाचं जेवण. अट एकच. बरं वाटलं तरी पाच दिवस हलायचं नाही.

आणि तिला मनातून एक गोष्ट हवी होती. आक्कानं एकदा, चारचौघींसमोर, अळंबी मुळासकट काढावी. एकदाच. तिनं काढली की सगळं गाव काढेल. सहा वर्षं ती डबा घेऊन आक्काच्या दारावरून गेली. आक्का ओसरीवरून बघायची.

"वहिनी, तुझ्या अळंब्यांना कसर लागली का गं अजून?"

"नाही आक्का. डांबरगोळ्या घालते."

"घाल, घाल. खऱ्यांना लागते. त्या बिचाऱ्या जिवंत असतात."

एवढंच बोलणं व्हायचं दोघींत.

यंदा आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कुणाला सांगितलं नाही तिनं. हातानं चाचपून, वास घेऊन ती कापत राहिली. त्यातल्या काही तिनं घरी शिजवल्या. घरी दोघंच. ती आणि तिचा नवरा, टाकेवाली ज्याला भाऊजी म्हणायची तो. भाऊजी गायी राखणारा, दूध घालणारा माणूस. बोलणं कमी, भूक चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं नाही, म्हणून मास्तरांची बायको चौकशीला गेली. दोघंही अंगणात गळून बसलेली, भिंतीला पाठ लावून.

टाकेवालीनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं. गाडी बोलावली. तासाभरात तिघंही शहराच्या वाटेला लागली होती.

तोच दवाखाना, तोच लांब वॉर्ड. खिडक्यांना फाटकी जाळी, सलाईनच्या स्टँडचं एक चाक अडकलेलं, त्यामुळे तो ओढला की फरशीवर किंचाळायचा. दोघांच्या खाटा शेजारी लागल्या. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी उठून बसले.

"मला बरं वाटतंय. गायी ओरडत असतील."

"मास्तरांचा माणूस बघतोय गायींकडे," टाकेवाली म्हणाली.

"त्याच्या हातांना पान्हा सोडत नाहीत त्या."

आक्काही उठली होती. केस बांधत होती. "काढ गं त्या सुया. दोघंही ठणठणीत आहोत. काहीतरी शिळं खाल्लं गेलं, बाकी काही नाही."

टाकेवाली वॉर्डच्या दारात जाऊन बसली. दारातच, फरशीवर, चौकटीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून. नर्स म्हणाली, अहो बाई, वाट सोडा. तिनं नर्सला वाट दिली आणि पुन्हा बसली.

"उठ तिथून," आक्का म्हणाली. "लोक बघतात."

"बघू देत."

"माझ्या भावाला तू घरी आणलंस. बरा होता तोवर आणलंस ना? मग आम्हालाच का डांबतेस इथे?"

सहा वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. टाकेवाली दारातून हलली नाही.

"म्हणूनच डांबते," ती म्हणाली. "बरा होता, म्हणूनच आणला होता मी."

आक्कानं नवऱ्याचा खांदा धरून त्याला खाली निजवलं. "पड," म्हणाली. "पाच दिवसांनी गायी मरत नाहीत."

चौथ्या दिवशी दोघांचेही डोळे पिवळे झाले. आक्कानं थोडं खाल्लं होतं, भाऊजींनी पोटभर. डॉक्टरीणबाईंनी प्रयत्नांत काही कमी ठेवलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं वाजत असताना, भाऊजी गेले. आक्का वाचली. बारा दिवसांनी घरी आली, तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी धरावं लागत होतं.

भेटायला सगळं गाव आलं. अंगणात माणसं दाटली. टाकेवाली पाण्याचे पेले भरत होती. भाऊजींचा चुलतभाऊ, पिठाची गिरणी चालवणारा, मोठ्यानं बोलणारा माणूस. तो म्हणाला,

"पाच दिवस ठेवलं ना दवाखान्यात? सहा ठेवलं. काय उपयोग झाला? घरी तरी गेला असता, आपल्या गायी बघत गेला असता. आमच्या बटणांचे पैसे घेऊन त्याला परक्या खाटेवर मारलात."

एकदोघांनी माना हलवल्या. टाकेवालीच्या हातातला पेला भरून वाहायला लागला, तरी ती ओततच होती.

"गिरणीवाले," आतून आवाज आला. आक्का उंबऱ्याशी येऊन बसली होती. अंगावरची त्वचा अजून पिवळी. "खाटेनं नाही मारलं. मी मारलं."

"असं काय बोलता वहिनी."

"बोलू दे. माझीच टोपली होती. आणि भावाच्या वेळीही माझीच होती. धूळबीळ काही नव्हती त्याच्या छातीत. मला तेव्हाच माहीत होतं." ती दम खायला थांबली. "मी इथे बसलेय ती तिथे राहिले म्हणून बसलेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. घरी आले असते तर तुम्ही आज दोघांसाठी आला असता."



मागच्या बायांपैकी एकीनं भीत भीत विचारलं, "मग आक्का, आता काढायची कशी?"

"तिला विचारा," आक्का म्हणाली. टाकेवालीकडे बघितलंही नाही. "मला विचारायचे दिवस संपले."

टाकेवालीला सहा वर्षं हे ऐकायचं होतं. ऐकलं तेव्हा तिला फक्त थकवा आला. हातातला पेला खाली ठेवून ती परसात निघून गेली.

त्यानंतरच्या दिवसांत गावच्या बाया मुळासकट काढू लागल्या. माती उकरायची, वाटी आहे का बघायची, मगच टोपलीत. काहींनी अळंबी कायमची सोडली. आक्काच्या मागून कुणी जाईना, आणि तिच्या दारावरून जाताना लोक पाऊल जरा लवकर उचलू लागले. ज्यांच्या घरी तिच्या टोपल्या चाळीस वर्षं गेल्या, तेही. खरं बोलल्याचं गावानं तिला हे फळ दिलं.

एकदा टाकेवाली तिच्याकडे गेली. म्हणाली, "आक्का, माझ्याबरोबर चला पलीकडच्या गावांना. माझं निम्मेच ऐकतात. तुमचं सगळे ऐकतील."

आक्का गायीच्या गोठ्याकडे बघत होती. गायी आता गिरणीवाल्यानं नेल्या होत्या.

"एकदा बोलले गं वहिनी. पुन्हा नाही बोलवणार माझ्यानं. ते एकदाच येतं तोंडातून."

टाकेवालीनं आग्रह केला नाही. नदीपलीकडच्या गावात त्याच हंगामात तिघं आजारी पडली होती, आणि तिच्याकडे आता जेमतेम एकाच्या मुक्कामाचे पैसे होते. ती डबा घेऊन निघाली. त्या गावातल्या पारावर तिनं कापडाची वाटी मातीतून काढून दाखवली. कुणीतरी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं बाई?

तिनं आक्काचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं. मी त्याला घरी आणलं." आणि पुढची अळंबी काढायला डबा समोरच्या बाईकडे सरकवला.