कालवांच्या खडकापर्यंत

आमच्या गावच्या किनाऱ्यासमोर, चारेकशे मीटर आत, एक काळा खडक आहे. मोठ्या ओहोटीला बायका होडीने जाऊन त्याच्यावरची कालवं काढतात, म्हणून तो कालवांचा खडक. दसऱ्यानंतर दर्या निवळला की मे महिन्यापर्यंत मी रोज सकाळी तिथवर पोहत जातो, खडकाला हात लावतो आणि परत येतो. तिशीत हे खूळ लागलं, आता एकाहत्तर पूर्ण झाली. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो तेव्हा पोरं म्हणत, मास्तर वर्गात यायच्या आधी मिठाचा वास येतो.

मला डोळा एकच आहे. म्हणजे बघणाऱ्याला दोन दिसतात, पण डाव्यावर नवव्या वर्षी विटी बसली. तेव्हापासून त्याला उजेड आणि काळोख एवढंच कळतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. माझ्याकडून त्याने न मागता एक परत नेला. बाकीचं सगळं आयुष्य उजव्यावर निभावलं: नोकरी, लग्न, पोहणं, मोटारसायकलसुद्धा. तक्रार नव्हती.

दोन-तीन वर्षांपूर्वी या उजव्यात गमती सुरू झाल्या. गमतीच म्हणतो, कारण पहिली गोष्ट घडली ती चांगली. चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येऊ लागलं. नाक्यावरच्या टपरीवर मी चष्मा खिशात ठेवून अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवला, आणि खाऱ्या पाण्याने दृष्टी सुधारते असा सिद्धांतही मांडला. मोतीबिंदू पिकताना काही दिवस जवळचं असं बरं दिसतं, हे मला नंतर कळलं. तोवर फुशारकी गावभर झाली होती.

लांबचं मात्र धुरकट होत चाललं होतं. समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसायचं, हळदीकुंकवाच्या रंगाचं, बघत राहावं इतकं सुंदर. मी पडवीत बसून प्रयोग करू लागलो. समोरच्या माडावरचे नारळ मोजायचे. मला सात दिसायचे, बायकोला अकरा. चार नारळ वांदरांनी नेले असतील, असं मी ठासून सांगितलं. ती म्हणाली, "वांदरांनी नेल्यानी तर माका अजून कशे दिसतत?" मी परत मोजले. सातच.

शेवटी कुडाळच्या डॉक्टरांना डोळा दाखवला. त्यांच्या टेबलावर डोळ्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. तीस वर्षं ज्याची आकृती फळ्यावर काढली ते भिंग मी बोटांनी उघडून बाहेर काढलं आणि दहा प्रश्न विचारले. जुनं कसं फोडतात, ओढून कुठून घेतात, नवं आत गेल्यावर उलगडतं कसं. डॉक्टर तरुण होते, मजेने सांगत राहिले. मग मॉडेल बंद करून म्हणाले, "हे ऑपरेशन आता सोपं झालंय. पण तुमचा डोळा एकच आहे, म्हणून 'काहीच होणार नाही' असं मी म्हणणार नाही. बहुतेक काही होत नाही, एवढंच सांगतो."

तो "बहुतेक" माझ्याबरोबर एसटीने घरी आला.

त्यानंतर मी चालढकल केली. आधी म्हटलं पोहण्याचा हंगाम संपू दे. मग पावसात जखमा चिघळतात. मग चतुर्थी आली, आणि चतुर्थीला आमच्याकडे कोण डोळ्याला पट्टी बांधून बसतो? मग दसरा झाला आणि दर्या पुन्हा निवळला. बायकोला रोज नवं कारण द्यायचो. खरं कारण एकच होतं: मी घाबरलो होतो. धुरकट का होईना, दिसत होतं. ऑपरेशन बिघडलं तर तेही जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर खडकही जाणार होता. आणि दिसत नाही हे कबूल केलं तर खडक आजच बंद. म्हणून मी गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाण्यात माझं अडत नव्हतं, त्याचं कारण खुणा. आमच्याकडे होडीवाले आजही किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा ओळखतात. मीही तसंच करायचो. परत येताना देवळाची पांढरी दीपमाळ समोर धरायची आणि तिच्यामागे टेकडीवरचा ताड लपला की आपण सरळ आहोत. अलीकडे ताड दिसेनासा झाला होता. मी नुसती दीपमाळ धरून यायचो. उभी पांढरी रेघ दिसली की पुरे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी खडकाला हात लावून वळलो, पांढरी रेघ धरली आणि निघालो. पाणी दक्षिणेकडे ओढत होतं हे अंगाला कळत होतं, पण रेघ समोर होती, तेव्हा ओढीला भीक घातली नाही. बऱ्याच वेळाने पायाला काहीतरी मऊ, खरखरीत लागलं. मग पोटाला. मग डोक्याभोवती चांदीच्या तुकड्यांसारखं काहीतरी उड्या मारायला लागलं, आणि किनाऱ्यावरून एकदम आठ-दहा माणसं ओरडली.

मी रापणीत शिरलो होतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना धरून माणसं ते वाळूवर ओढतात. त्या अर्धगोलाच्या मधोमध, बांगड्यांच्या घोळक्यात, निवृत्त शिक्षक. त्यांनी जाळं खाली दाबून मला वाट दिली, त्या वाटेने माझ्याआधी निम्मे बांगडे गेले.

त्या रापणीचा म्होरक्या, तांडेल, माझ्याच वयाचा. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. "मास्तरानू," तो म्हणाला, "बांगडे गावतले म्हणान जाळां टाकलां, आणि गावलास तुमी."

"मी दीपमाळ बघून येत होतंय."

"दीपमाळ थंय रवली." त्याने लांब उत्तरेकडे हात केला. "ह्यो झेंडो आसा."

पर्यटकांना बोटीतून फिरवणाऱ्यांनी आदल्या दिवशी वाळूत एक उंच पांढरा झेंडा रोवला होता. मी त्याच्यावर नेम धरून अर्धा किनारा घसरलो होतो. मला इतकी लाज वाटली की काय करावं ते कळेना, म्हणून मी दोरीला हात घातला आणि त्यांच्याबरोबर जाळं ओढू लागलो. तेवढीच नुकसानभरपाई.

आणि तिथेच फसलो. रापणीचा नियम असा, की जो दोरी ओढतो त्याला माशांचा वाटा मिळतो. वाटेने जाणारा पाहुणा असो, सरपंच असो. जाळं बाहेर आल्यावर तांडेलाने माझ्यासमोर आठ बांगडे ठेवले. मी नको नको म्हणालो. माझ्यामुळे निम्मी रापण रिकामी झालेली.

"दोरयेक हात लावलास, वाटो घेवकच व्होयो," तो म्हणाला. वाटा नाकारणं म्हणजे ओढणाऱ्यांचा अपमान, हे मलाही माहीत होतं. टॉवेलात बांगडे बांधून घरी गेलो.

बायकोने टॉवेल उघडला. "ह्ये खंयसून हाडलास?"

"रापणीचो वाटो."

तिने बांगडे मोजले. "रापण आज खालच्या वाडयेसमोर होती. तुमी थंय कशे पोचलास?"

चोरी करून आलो असतो तर एखादी थाप सुचली असती. हे बांगडे तर हक्काचे होते, आणि तेच चहाडी करत होते. मी झेंड्याची हकिकत सांगितली. मला वाटलं ती हसेल, कारण सांगताना मलाच हसू येत होतं. ती हसली नाही. तिने बांगडे साफ केले, तिरफळं घालून त्यांची कढी केली, मला वाढलं आणि मग म्हणाली, "फाल्या सकाळच्या एसटीन कुडाळाक जावया."

ऑपरेशनच्या टेबलावर वेळ किती गेला ते आठवत नाही. दुखलं नाही. एक मोठा उजेड होता, त्यात रंग वितळत होते, आणि मला इतकं बघायचं होतं की डॉक्टरांनी दोनदा बजावलं, "सर, डोळा हलवू नका." मग पट्टी बसली आणि माझ्यासाठी दिवे गेले.

ती दुपार आणि संध्याकाळ मी पूर्ण आंधळा होतो. घरी खाटेवर बसून ऐकत होतो. सुपात तांदूळ निवडताना खडा बाजूला टाकला की वेगळा आवाज येतो, हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं. शेजारच्या नळाचं पाणी, कढीपत्त्याची फोडणी, रिक्षा. सगळं ओळखायचा खेळ मी खेळत बसलो आणि बरेचदा बरोबर ठरलो. पण मध्येच मनात यायचं: हाच खेळ आता जन्मभर खेळायचा असेल तर? मी तिला विचारलं, "उद्या काय दिसलां नाय तर?"

सूप थांबलं. "मगे नारळ मोजूचा काम वाचला," ती म्हणाली. पण माझ्या मनगटाभोवती तिची बोटं आली आणि ती बरीच घट्ट होती.

सकाळी पुन्हा कुडाळला गेलो आणि डॉक्टरांनी पट्टी काढली. पहिल्यांदा दिसलं ते त्यांचं नख, त्याच्या कडेला शाईचा डाग. मग भिंत. आदल्या दिवशी मी हिरवट म्हणून शपथ घेतली असती ती भिंत लख्ख निळी होती. मला रडू आलं, आणि डोळ्यातून पाणी काढू नका म्हणून डॉक्टर रागावले.

पुढचे काही आठवडे थेंब, काळा चष्मा आणि घर. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. वाळूचा वारा लागेल म्हणून बायकोने किनाराही बंद केला. मी घरातल्या घरात सफरी केल्या. माझे सदरे पिवळे पडलेत म्हणून मी वर्षभर तिच्या साबणाला नावं ठेवली होती, ते पांढरेशुभ्र होते. तिची तपकिरी साडी जांभळी निघाली. भिंतीवरची पाल मला न्याहाळते तसा मी पालीला न्याहाळत होतो. माडावर नारळ अकरा होते, हे मी स्वतःहून जाहीर केलं.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी पोहायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, मीपण येते. कधी येत नसे. रोज त्या वेळी ती देवळात फुलं घेऊन जाते आणि तिची पूजा लांबते, एवढं मला माहीत होतं, कारण पोहून आल्यावर चहा कधीच तयार नसायचा आणि त्यावरून मी कुरकुरायचो.

वाळूवर आलो. चष्मा तिच्या हातात दिला, पोहण्याचा चढवला आणि समोर बघितलं.

खडक लांब होता. त्याच्यावरची कालवं वेगवेगळी दिसत होती, बुडाशी फेस उठत होता, आणि तो आणि मी यांच्यामध्ये पाण्याचे तीन रंग होते. मधल्या रंगाचा पट्टा सरळ दक्षिणेकडे धावत होता. जिला मी भीक घातली नव्हती ती ओढ हीच. डोळा गढूळ होता तेव्हा खडक म्हणजे एक काळा ठिपका होता, आणि ठिपक्याकडे जायला काय लागतं? मी कंबरभर पाण्यात गेलो आणि उभाच राहिलो. दिसावं म्हणून जीव मुठीत धरून ऑपरेशन केलं, आणि दिसलं ते हे.

"काय झालां?" मागून तिने विचारलं.

"लांब आसा."

"आदी जवळ होतो?"

"आदी माका इतको दिसत नाय होतो."

"माका दिसता," ती म्हणाली. "चाळीस वर्सां. रोज सकाळी मी देवाक जातंय असा वाटता तुमका?"

देवळाच्या मागच्या दगडी गडग्याकडून, कुंपणाकडून, सगळा दर्या दिसतो. खडक, ओढ, सगळं. मी वळून तिच्याकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती. नका जाऊ, असं ती म्हणाली नाही. जा, असंही म्हणाली नाही. चहाबद्दल केलेल्या सगळ्या कुरकुरी आठवून मान खाली गेली.

मग पाण्यात अंग टाकलं. भीती होतीच, तिला बरोबर घेऊन निघालो. मधला पट्टा सुरू झाला तिथे थांबलो, थोडा वेळ तरंगलो, ताड दीपमाळेमागे नीट लपलाय हे बघून घेतलं आणि खडकाला हात न लावताच परत फिरलो. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच केलं.

किनाऱ्याजवळ पाय टेकले तेव्हा ती निऱ्या वर धरून गुडघाभर पाण्यात आली होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करते आहे. अजून चार पावलं पुढे गेलो आणि ऐकू आलं. ती आकडे म्हणत होती. मी समोर उभा राहिल्यावर ती थांबली आणि निऱ्या सोडल्या.

"चारशे तीस हात मारलास आज," ती म्हणाली. "एरवी साडेआठशे होतत."