टाळीचे दंड

माहा लहान भाऊ पियुष वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवणं-उतरवणं पाहते. गोदामाच्या मागं ट्रकच्या टायरची हवा भरलेली एक मोठी ट्यूब पडलेली राहते. तिच्यावर हात टेकून हा दंड मारे. साधे नाही, बापा! झटक्यानं अंग वर फेकायचं, हवेतच टाळी वाजवायची अन् पुन्हा हातावर यायचं. त्यानं छातीत, खांद्यात ताकद येते म्हणे. मोबाईलवर व्हिडिओ टाके, लोक वा वा करत, अन् हा गोदामभर छाती काढून फिरे.

तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. पोरी पाहू पाहू आम्ही थकलो. मग कन्हानच्या मयुराचं स्थळ आलं, आम्ही तिच्या घरी पाहाले गेलो. पोरगी शिकलेली, बोलायले मोकळी. पियुषले इतकी आवडली का चहा हातातच थंड झाला.

तिचे आजोबा रामाजी, जुने आखाड्यातले. ते म्हणाले, "का जी पाहुणे, मयुरानं तुमचा व्हिडिओ दाखवला. एक टाळी आम्हालेही दाखवा ना!"

मी म्हटलं, "अरे, पोटभर पोहे खाल्ले आत्ता, बस चुपचाप." पण ऐकणाऱ्यातला आहे का तो! बाह्या सारल्या, फरशीवर हात टेकले अन् फेकलं अंग. ट्यूब उसळते, अर्धं काम तीच करते, हे या येड्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फरशी कायची उसळते! टाळी वाजली, पण हातांच्या आधी तोंड खाली पोचलं.

माय वं! ओठ फुटला. मयुराची मावशी तोंडात पदर कोंबून हसत होती. मले तर तिथं उभं राहाची लाज वाटली. पियुष उठला, कोणाकडेच पाह्यलं नाही, रुमालानं फरशीवरचं रक्त पुसलं अन् "येतो" म्हणून सरळ बाहेर.

मग गोदामात जाताना तोंडाले दुपट्टा बांधून जाये. व्हिडिओ सगळे काढून टाकले. जेवायलेही आमच्यात बसेना.

थोड्या दिवसांनी तिकडून होकार आला. आम्ही खुश. अन् हा म्हणते, "नाही."

"काहून गा?"

"ताई, जन्मभर ती माह्याकडे पाहीन अन् तिले तेच दिसन. कीव करून हो म्हणून राहिली ती."

मले असा संताप आला! मी मयुरालेच फोन लावला. ती म्हणाली, "ताई, मी हसली नाही जी. एवढं लागलं असून त्यांनी आधी आमची फरशी पुसली. मले तेव्हाच पसंत पडले ते."

मी धावत जाऊन त्याले सारं सांगितलं. वाटलं, आता तरी मान वर करीन. तो लालेलाल झाला, दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"म्हणजे पुसतानाही पाहून राहिली होती ती?"

अन् तो "नाही"वरच अडून बसला. उन्हाळ्यात मयुराचं लग्न रामदासपेठेतल्या एका पोराशी झालं. बोलावणं आम्हा दोघांलेही होतं. मी एकटीच गेली.