गळती निरंक

पाण्याच्या खात्यात नोकरी करून मला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी खात्याच्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलेलं नाही. कालवे माझ्या टेबलावरून गेले ते कागदावर. आमचा जिल्हा फुटून दोन झाले तेव्हा मी नोकरीत नवा होतो. अर्धी कपाटं गोंदियाला जायची होती. ती ट्रकमध्ये चढवताना जो घाम निघाला, तेवढाच माझा पाण्याशी आलेला थेट संबंध. दर महिन्याला एक तक्ता यायचा. त्याच्या शेवटच्या रकान्यावर 'गळती' असं छापलेलं असे. खालून जो कागद आला असेल त्यावरून मी तिथे भरायचो, 'निरंक'. म्हणजे काही नाही, शून्य. माझं अक्षर चांगलं आहे आणि या शब्दात ते फार खुलून दिसतं.

घरात मात्र मी पाण्यातला जाणकार. त्याला कारण खातं नव्हे, कूलर. पवनीत होळी झाली की माळ्यावरून कूलर खाली येतात. गवत बदलायचं, पंप सोडायचा, पाईप घट्ट बसवायचा, हे सगळं घरच्या पुरुषाने करायचं. ज्याला कूलर लावता येत नाही त्याला आमच्याकडे चहा मिळतो, मान मिळत नाही. मी दरवर्षी कूलर लावतो. तो दरवर्षी गळतो. पण गळलेलं पाणी खालच्या टाकीतच पडतं, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझी मुलगी नागपूरची भाड्याची खोली सोडून घरी आली. ती ॲनिमेशन शिकली आहे. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देण्याआधी तिच्याकडून एका मिनिटाची फिल्म मागवली होती. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. उशीर झाला तर पुढची मुलगी. फिल्ममध्ये वैनगंगा होती, पहाट होती आणि डोंगा वल्हवत घाटाकडे येणारा एक म्हातारा होता. पडद्यावरचं पाणी खऱ्यासारखं हलवायचं तर कम्प्यूटरला फार कष्ट पडतात, एकेक चित्र तयार करायला त्याला पाच-पाच मिनिटं लागतात, आणि तो तापतो. म्हणून त्याच्या पोटात पाणी फिरवायचं. छोटा पंप, दोन-तीन पाईप, पाणी थंड करणारी जाळी.

"म्हणजे कूलरच की," मी म्हणालो.

"बाबा, कूलर नाही," मुलगी म्हणाली. "याला हात लावू नका."

हे तिने गाडीतून उतरायच्या आधी सांगितलं होतं. पण समोर जड पेटी, तिची एक बाजू उघडी आणि आत एक छान वळणदार पाईप. तो पेटी उचलायलाच दिला आहे असं कुणालाही वाटलं असतं. मला वाटलं. प्रवासासाठी तिने आतलं पाणी काढलं होतं आणि पाईपाच्या टोकाचं पितळी फिटिंग नुसतं हाताने फिरवून ठेवलं होतं. मी पाईप धरून पेटी उचलली. पाईप माझ्या हातात आला, पेटी गाडीतच राहिली, आणि ते फिटिंग टणटण उड्या मारत दारापुढच्या नालीत गेलं.

बायकोने वरून पाहिलं. "आले नाही का तुमी मदतीले?" ती म्हणाली. "तवाच म्हटलं, आता काहीतरी होते."

मुलीने मोबाईल काढून नवं फिटिंग मागवलं. शुक्रवारच्या आधी येणार नव्हतं. तिने बोटांवर हिशेब केला आणि ती आत जाऊन बसली. मी संध्याकाळपर्यंत नालीत काठी घालत होतो. गल्लीतल्या तिघांनी विचारलं, काय हरपलं? मी म्हणालो, अंगठी. पितळेच्या फिटिंगसाठी नाली उपसतो आहे असं सांगितलं असतं तर चौथाही आला असता.

रविवारी सकाळी मी बाजारात गेलो. कूलरचं सामान विकणारा एक म्हातारा दुकानदार मला ओळखतो. दरवर्षी मी त्याच्याकडून पाईप नेतो आणि दरवर्षी चुकीच्या मापाचा नेतो.

"कायच्यासाठी पायजे भाऊ?"

"कम्प्यूटरसाठी. पाणी फिरवा लागते त्याच्यात."

"काहून? तहान लागते का त्याले?"

"गरम होते. थंड ठेवा लागते."

"मंग कूलरच झाला ना थो."

"मी तेच तं म्हणून राहिलो!" मला बरं वाटलं. जगात मी एकटा नव्हतो.

त्याने पाण्याच्या फिल्टरला लावतात तसलं एक फिटिंग काढून दिलं. आटे त्याच मापाचे वाटत होते. होतं प्लास्टिकचं, पण वरून असा चांदीसारखा मुलामा की लांबून पाहणाऱ्याला धातूच वाटावा. मी पिशवीत टाकलं. तो म्हणाला, "पण भाऊ, एक सांगतो. कूलरमंधी गळलं तं पाणी टाकीत पडते. तुमच्यावाल्यात कुठं पडन?"

"गळनच काहून?" मी म्हणालो.

आजही तो भेटला की हा प्रश्न मला आठवतो. अठ्ठावीस वर्षांत खात्यातल्या कुणी विचारला नाही एवढा मुद्द्याचा प्रश्न त्याने विचारला होता, आणि मी त्यालाही 'निरंक' लिहून दिलं.

मुलगी तेव्हा लाखांदूरला मामाकडे गेली होती. मी पेटी उघडली. आट्यांवर सफेद टेप गुंडाळला. थोडा गुंडाळला तर पक्कं, म्हणून जास्त गुंडाळला तर जास्त पक्कं. फिटिंगच्या पाकिटात रबराची एक बारीक गोल चकती निघाली. ती कशाची ते कळलं नाही, म्हणून खिडकीत ठेवून दिली. मग पाना लावून आवळलं. आणखी आवळलं. आतून 'टक' असा आवाज आला. टक म्हणजे बसलं, असा माझा आजवरचा अनुभव.

संध्याकाळी मुलगी आली, पेटीत वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं खरं बोलता येईना.

"बाबा, कुठून मिळालं?"

"नागपूरवरून आमच्या ऑफिसचा एकजण येऊन राहिला होता. त्याच्या हातानं आणवलं."

"पितळेचंच आहे ना?"

"मंग?" मी म्हणालो. आमच्याकडे 'मंग' हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात हो येतं, आणि आपण हो म्हणालो असंही होत नाही.

"हा टेप कायले लावला?"

"पक्कं राहावं म्हणून."

ती हसली. खाली कागद पसरून तिने तासभर नुसता पंप चालवला. कागद कोरडा. मग सोमवारी सकाळी काम सुरू झालं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण थंड पाण्यात न गळणारं फिटिंग गरम पाण्यात काय करेल, हा प्रश्न मला सोमवारी दुपारी पडला. रविवारी पडला असता तर उपयोग होता. कूलरची हवा ओली, ती यंत्रावर नको, म्हणून मुलीने यंत्र मागच्या खोलीत ठेवलं होतं. घरात कूलर नसलेली तेवढी एकच खोली. मेच्या दुपारी पवनीत त्या खोलीत आपणहून बसणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर गुन्हेगार. मी रजा टाकून तिथे बसू लागलो. खांद्यावर दुपट्टा, हातात बॅटरी. दर थोड्या वेळाने काचेतून आत उजेड टाकायचो.

"अजी, तब्येत तं बरी हाये ना?" बायकोने विचारलं. "कूलर सोडून इथं काहून बसले?"

"पोरीचं काम पाहून राहिलो."

"अठरा वर्षं शिकली तवा एक दिवस वही नाही पाहिली तिची."

मुलगी मात्र विरघळली. माझ्याशेजारी खुर्ची ओढून ती एकेक चित्र समजावू लागली. पाण्यावर ऊन कसं पडतं, वल्ह्यामागे भोवरा कसा फिरतो. "बाबा, हा म्हातारा थोडा तुमच्यासारखा केला आहे," ती म्हणाली. "वल्हवताना उगाच इकडेतिकडे पाहतो." मी इकडेतिकडे पाहिलं. तीन दिवस ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं त्याआधी तीन वर्षांत बोलली नव्हती. या सगळ्या प्रेमाच्या खाली ते मुलाम्याचं प्लास्टिक होतं, आणि ते तापत होतं.

गुरुवारी दुपारी ती समोरच्या खोलीत जेवायला बसली. मी बॅटरीचा उजेड आत टाकला. सफेद टेपाच्या कडेला एक मणी चमकत होता. मला वाटलं उजेडाची तिरीप असेल. तो मणी फुगला, लांब झाला आणि खालच्या पट्टीवर पडला. लगेच दुसरा फुगू लागला. काच सरकवून मी एक हात त्याच्याखाली धरला. थेंब तळहातावर पडला तो चांगलाच गरम होता. दुसऱ्या हाताने मी भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला. डोंगा, म्हातारा, पहाट, सगळं गेलं.

समोरून आवाज आला, "लाईट गेली का, बाबा?"

आता इथे 'हो' एवढंच म्हणायचं होतं. आमच्याकडे मेच्या दुपारी लाईट जाते, त्यात कुणाला नवल वाटत नाही. तोंडात शब्द तयारही झाला होता. मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिच्याही डोक्यावर फिरत असणार.

"नाही," मी म्हणालो. "मी काढली. ते फिटिंग पितळेचं नाही बाई. कूलरच्या दुकानातलं हाये. प्लास्टिकचं."

ती उष्ट्या हाताने दारात उभी राहिली. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"किती थेंब?" तिने विचारलं.

"एक पडला. दुसरा माह्या हातावर आहे."

तिने माझा तळहात पाहिला. मग हात धुऊन आली, पेटी आडवी केली आणि कागदाने एकेक कोपरा टिपू लागली. थेंब चित्रं तयार करणाऱ्या कार्डाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर पडला होता, आतपर्यंत गेला नव्हता. फिटिंग काढून तिने उजेडात धरलं. त्याला केसासारखा तडा होता, आट्यांपासून तोंडापर्यंत. माझं ते 'टक'.

"प्लास्टिक एवढं आवळत नाही, बाबा. आणि गरम झालं की ते ढिलं पडते. आतली रबराची रिंग कुठं आहे?"

मी खिडकीतून आणून दिली. ती तिने फिटिंगजवळ ठेवली आणि दोन्हींकडे बघत बसली.

"तयार झालेली चित्रं गेली का?"

"नाही. ती राहतात. पण आता वेळ नाही राहिला." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझं काम पाहायला बसता."

यावर मला 'मंग' म्हणता आलं नाही.

"हे नसतं लावलं तं तीन दिवस काहीच काम झालं नसतं," संध्याकाळी मी बायकोजवळ बाजू मांडून पाहिली.

"आणि पाईप धरून पेटी उचलली नसती तं?" ती म्हणाली. प्रकरण निकाली निघालं.

शुक्रवारी सकाळी आठला पितळी फिटिंग आलं. मुलीने ते रिंग घालून, टेप न लावता, हाताने बसवलं. यावेळी गरम पाण्यावरही तपासायचं होतं. मला वाटलं, आता ती मला खोलीत येऊ देणार नाही. तिने माझ्यापुढे एक वही ठेवली.

"दर पंधरा मिनिटांनी कागदाला हात लावून पाहायचं. आणि लिहायचं."

"काय लिहू?"

"जे असेल ते."

मी वही उघडली, रेघा मारल्या, वेळ टाकली आणि सवयीने सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरंक'. तिने माझ्या हातून पेन घेऊन ते खोडलं.

"पाहिलं कुठं तुम्ही अजून?"

मग मी वाकलो, कागदावर चारी बोटं फिरवली, जोडाखाली अंगठा दाबून धरला. कोरडा. उठून लिहिलं. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी पाचपर्यंत मी पस्तीस वेळा वाकलो. पहिले काही तास नुसता पंप, मग यंत्र तापवून. कंबर आखडली. निरंक हा शब्द लिहायला खरं तर इतका वेळ लागतो हे मला पन्नाशीत कळलं. पाचला तिने वही पाहिली, स्वतः एकदा अंगठा लावला, आणि शेवटच्या ओळीखाली बारीक सही केली.

यंत्र रात्रभर चाललं, आणि शनिवारी संध्याकाळी सहाला दहा मिनिटं असताना फिल्म गेली. शेवटचे दहा सेकंद मात्र व्हायचे राहिले. त्यात डोंगा घाटाला लागतो आणि म्हातारा उतरतो. कच्च्या चित्रांत मला तोच भाग सगळ्यांत आवडायचा. तो तिने कापला. डोंगा नदीच्या मधोमध राहिला.

दहा-बारा दिवसांनी पुण्याहून फोन आला. बायको आणि मी तिच्या मागे उभे. नोकरी मिळाली होती, हे तिच्या पाठीवरूनच कळलं. मग पलीकडच्याने काहीतरी विचारलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"डोंगा किनाऱ्याला का नाही लागत?" ती म्हणाली. "नदी मोठी आहे सर आमची. वेळ लागते."

बायकोही माझ्याकडे पाहू लागली. मी वर पंख्याकडे पाहिलं.