शिट्टीसमोरचं बटण

निवडणूक कार्यालयात उरलेल्या चिन्हांतून एक उचलायचं होतं. कपबशी होती, छत्री होती, रोडरोलर होता. अपक्षाच्या वाट्याला असंच उरलंसुरलं येतं. मी हट्टानं शिट्टी मागून घेतली. समोरचा क्लार्क भला माणूस. म्हणाला, "नक्की ना मॅडम? छत्री चांगली आहे." मी त्याला ऐकवलं की वॉर्डातलं शेंबडं पोरसुद्धा माझी शिट्टी ओळखतं. आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ केले, पण इतक्या तोऱ्यात एकही केला नव्हता.

मी उद्यान निरीक्षक होते. म्हणजे काय, तर माळ्यांकडून काम करून घ्यायचं आणि लोकांना बागेत काही करू द्यायचं नाही. पहिलं काम माळी आपलं आपण करायचे, म्हणून मी सगळा जीव दुसऱ्यात ओतला. गळ्यात कायम शिट्टी. बायकांनी देवाला जास्वंद तोडली, वाजव. पोरांनी स्टंप रोवले, वाजव. बाकावर दोघं जरा जवळ सरकली, वाजव. त्यांतली निम्मी चांगली लग्नाची नवराबायको होती, घरात माणसं फार म्हणून दोन शब्द बोलायला यायची, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

आणि माझं लॉन. लॉन म्हणजे नुसतं गवत नव्हे. ते सारखं कापायचं, तण हातानं उपटायचं, उन्हाळ्यात रोज पाणी मारायचं. 'गवतावर चालू नये' ही पाटी मी दर दिवाळीला नव्यानं रंगवून घ्यायची. पोटच्या पोरांचे इतके लाड केले नाहीत.

रिटायर झाले आणि कानावर आलं की लॉन उखडून तिथं पेव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवणार. मी तडक जुन्या साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की निर्णय झालेला आहे.

"मॅडम, लॉनला पाणी लागतं," ते म्हणाले. "ब्लॉकला नाही लागत."

"म्हणून दगड लावायचे?"

"ते मरत पण नाहीत. हे थांबवणं आता नगरसेवकाच्याच हातात."

झालं. मी घरी येऊन जाहीर केलं की मी नगरसेवक होणार. ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

प्रचाराची सुरुवात बागेतल्या हास्य क्लबपासून केली. रोज सकाळी नमस्कार करणारी मंडळी. त्यांना मिसळ खाऊ घातली, लॉन वाचवण्याबद्दल भाषण ठोकलं. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला आणि हसले. ते रोजच हात वर करून हसतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शिवाय निम्मेअधिक गंगापूर रोडहून गाडीनं यायचे. त्यांची मतं तिकडच्या प्रभागात. इतकी वर्षं बाग सांभाळली, पण बागेत फिरणारा माणूस राहतो कुठं, हे कधी विचारलं नव्हतं.

मग बागेमागच्या वस्तीत शिरले. पुढं दोन भाचे शिट्ट्या फुंकतायत, मागं मी हात जोडून. पहिल्याच गल्लीत पोरांनी बॅट पाठीमागं लपवली. एका ओट्यावरची दोघं दचकून लांब झाली. एका बाईनं परडी पदराखाली घेतली. फुलं तिच्याच दारच्या झाडाची होती. मी ह्याला आदर समजले.

भाजी विकणारी सुमन दारातच मेथी निवडत होती. तिला म्हटलं, मला मत दे, मी लॉन वाचवणार आहे.

"वाचवून काय करायचं, मॅडम?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काय म्हणजे? बघायचं."

तिनं एक जुडी माझ्या हातात ठेवली. मी ते पक्कं मत धरलं.

निकालाच्या दिवशी माझी मतं वाचून दाखवायला अधिकाऱ्याला श्वास घ्यावा लागला नाही. डिपॉझिट गेलं. पुढं ब्लॉकही बसले.

उन्हाळ्यात एकदा ऊर बडवून घ्यायला म्हणून मुद्दाम बघायला गेले. बघते तर ठोकळ्यांवर लुगडी अंथरून बायका कुरडया वाळवतायत, पोरं क्रिकेट खेळतायत, म्हाताऱ्या पाय पसरून बसल्यायत. सेवेत असताना मी तिथं इतकी माणसं एकदाही पाहिली नव्हती. ज्या गवतावर कुणाला पाय ठेवू दिला नाही, ते वाचवा म्हणून मी त्यांनाच साकडं घालत फिरले होते. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला: लोक आपल्याला ओळखतात, ह्यावर फार खूश होऊ नये.

सुमननं मला पाहिलं, सरकून बसायला जागा केली आणि म्हणाली, "मॅडम, खोटं नाय बोलत, मत तुम्हालाच द्यायचं होतं. लय कष्ट केले तुम्ही बागेसाठी. पण म्हटलं, निवडून आल्या तर परत बागेत येतील."