सहा माणसांचा एसी

एसी विकताना मी विचारतोच, खोलीत किती माणसं झोपणार? पावसच्या प्रेमलाकाकी म्हणाल्या, "सहा. मुलगे, सुना, नात नि मी. उकडतं म्हणून मुंबईहून येत नाहीत मेले!" मी मोठा इन्व्हर्टर एसी बसवून दिला.

मे संपता संपता काकींचा फोन आला. "बिघडलेला एसी दिलास मला! दुकानात कसा घोंघावत होता, इथे नुसता कुजबुजतो."

गेलो. एसी ठणठणीत होता. खोलीत माणसं जास्त असली की हा जोर धरतो, कमी असली की आपोआप मंद होतो. भिंतीशी पाच गाद्या गुंडाळलेल्या तशाच होत्या.

"बिघडलाय ना रे?"

मी स्क्रूड्रायव्हर काढला. "हो काकी, बिघडलाय."