बुरुलकानचे पालथे हात

१४ मार्च २०१९. किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधल्या औषधाच्या दुकानात बुरुलकानने अठरा हजार सहाशे चाळीस सोम मोजले. हाती आल्या बुरशीवरच्या गोळ्या, सात दिवसांपुरत्या. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हा दोन महिन्यांचा पगार.

ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याच्या, तोक्तोसूनच्या, हृदयाची झडप याच शहरातल्या इस्पितळात बदलली होती. त्या आठवड्यात शस्त्रक्रियेच्या खोलीशेजारची भिंत पाडत होते. कुणी बडा पाहुणा येणार म्हणून रंगरंगोटीची घाई. नवऱ्याच्या उशीवरची चुन्याची धूळ तिने स्वतः झटकली होती. निघताना रीतीप्रमाणे सर्जन झामिरबेकच्या खांद्यावर नवा मखमली झगाही घातला होता. आता ते आठवले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

हिवाळ्यात ताप चढला. "सर्दी असेल, मेंढीचा रस्सा पाजा," झामिरबेक फोनवर म्हणाला. दोन महिने तिने रस्सा पाजला. मग डावा पाय थंड पडला. त्यांच्या नारीन गावातल्या डॉक्टरांनी पायातली गुठळी काढली, तर तीत बुरशी! नव्या झडपेवर वाढलेल्या बुरशीचा तुकडा रक्तातून पायात उतरला होता. अशी बुरशी पाडलेल्या भिंतीच्या धुळीतून उडते, असे त्या डॉक्टरांनी सांगितले. झडप पुन्हा बदलली नाही तर तोक्तोसून जगणार नव्हता. आणि संसर्ग शस्त्रक्रियेतच झाला असे झामिरबेकने लिहून दिले, तरच ती फुकट बदलून मिळणार होती.

बुरुलकान त्याच्यापुढे जाऊन बसली.

"आपा, बुरशी काय, कुठूनही येते. गोठा आहे, गवत आहे..."

"माझा नवरा छाती उघडी टाकून गोठ्यात निजला होता का?"

"चिडू नका. वडीलधाऱ्या तुम्ही, आशीर्वाद द्या. शेवटी अल्लाची मर्जी."

"भिंत अल्लाने पाडली? आशीर्वाद हवा ना तुला? घे!"

तिने दोन्ही हात पुढे केले. सवयीने त्यानेही ओंजळ धरली. तोच तिने हात पालथे केले. आईच्या वयाच्या बाईचा असा उलटा आशीर्वाद म्हणजे शाप, तो सात पिढ्यांना पुरतो, हे सर्जनलाही ठाऊक होते.

"आपा, नको! लहान पोरी आहेत माझ्या!" त्याने तिची मनगटे धरली.

"मग लिही. भिंतीसकट लिही."

त्याने लिहिले. तिने ते मोठ्याने वाचायला लावले आणि शिक्का मारून घेतला.

२९ मार्चला झडप बदलली. तोक्तोसून वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेजारणी म्हणतात, "झालं गेलं, माफ कर गं त्याला."

"पाय आणून द्या, मग करते," बुरुलकान म्हणते.

कुबड्या शाळेच्या सुताराने करून दिल्या. त्याचे सहाशे सोम अजून द्यायचे आहेत.